दिवाबत्ती, दोन आणे

किसनरावांनी अडतीची जागा भाड्यानं दिली हे सत्यभामाबाईला कळलं, ते दारात गादी येऊन पडली तेव्हा.

आधी हमालाच्या डोक्यावरून गादी उतरली. मग दोन लोड, मग मुनीमजींची लिहिण्याची उतरती पेटी, आणि सगळ्यांच्या मागून, लाल कापडात बांधलेल्या तीन वह्या तान्ह्या लेकरासारख्या छातीशी धरून, तिचा नवरा, किसनरावांचा मुनीम. नारायणरावाच्या तोंडावर असं काही तेज होतं की तिला वाटलं, पगार वाढला.

"आजपासून पेढी आपल्या घरी," तो म्हणाला. "मालक म्हणाले, नारायणराव, तुमच्यासारख्या मानसाले रोज स्टेशन रोडपावतर चालवनं बरं नाही दिसत. घरी बसून लिहा."

"पगार?"

"तोच. अठरा."

"मंग ओसरीचं भाडं?"

"ओसरीचं कायचं भाडं?"

"गादी टाकली, लोड टाकले, उद्या मानसं येतीन. ओसरी तं गेली ना आपली?"

नारायणराव हसला. मराठी सातवी पास झालेला माणूस अडाणी बायकोला हसतो तसा. "मालकानं इश्वास टाकला व. तीन वह्या आनून ठेवल्या घरात. पुऱ्या मलकापुरात कोन्या मालकानं मुनिमाच्या घरी वह्या ठेवल्या, दाखव मले."

"कोनीच नाही," सत्यभामाबाई म्हणाली. "म्हून तं इचारून राह्यली."

किसनराव मूळचे जमीनदार. तीनशे एकर काळी जमीन खंडानं लावून मलकापुरात आले आणि अडत्या झाले. शेतकऱ्याची कापसाची गाडी बाजारात उभी करायची, व्यापाऱ्याशी भाव ठरवायचा, माप घ्यायचं, पैसे चुकते करायचे आणि त्यातून आपली अडत कापायची, हा त्यांचा धंदा. आलेलं पाकीट उलटं करून त्यातच उत्तर पाठवणारा माणूस. मात्र सभेत उभे राहिले की बोलायचे मोठं. वऱ्हाडच्या कापसावर सरकारची तिजोरी भरते आणि तो पैसा नागपूरला जाऊन मध्यप्रांतावर खर्च होतो, हा त्यांचा आवडता विषय. "सारा आमचा, अन् सडका त्यायच्या!" असं म्हणून ते टेबलावर हात आपटत, आणि टेबल दुसऱ्याचं असल्यामुळे जोरात आपटत.

त्या साली कापूस खरेदी करणाऱ्या एका मुंबईच्या कंपनीला स्टेशनाजवळ जागा हवी होती. कंपनीचा माणूस पस्तीस रुपये महिना म्हणाला. पस्तीस हा आकडा ऐकल्याबरोबर किसनरावांच्या लक्षात आलं की हिशेब लिहायला जागा अशी लागतच नाही. माणूस बसला, मांडी घातली, वही उघडली, की झाली पेढी. मग ती स्वतःच्या प्रशस्त घरी का नेली नाही, असं एकानं विचारलं, तर ते गंभीर होऊन म्हणाले, "आमच्या घरी बायामानसं हायेत."

नारायणरावाच्या घरी कोण होतं, हे त्यांच्या ध्यानात नसावं.

श्रावण-भादव्यात पेढी म्हणजे गादी, गादीवर नारायणराव आणि नारायणरावावर माशा. दिवाळी झाली आणि गाड्या सुरू झाल्या. मग सत्यभामाबाईला कळलं की घरात नुसत्या वह्या आलेल्या नाहीत, त्यांच्या मागे दस्तूरही आलेला आहे. अडतीचा दस्तूर असा की गाडीवाला दोन-दोन दिवसांचा रस्ता तुडवून येतो, तर त्याला टेकायला जागा, बैलाला दावण, चहा, पानसुपारी, लांबचा असला तर एक वेळची भाकर आणि अंधार पडला की दिवा अडत्यानं द्यायचा. स्टेशन रोडवर हे सगळं किसनरावांचा गडी बघायचा. गड्याला दिवाळीआधीच निरोप मिळाला होता. पेढीच नाही तर गडी कशाला?

सत्यभामाबाईला अक्षर येत नव्हतं. पण तिची चांदरी नावाची म्हैस होती, कपाळावर पांढरी टिकली असलेली, बापानं आंदण दिलेल्या म्हशीची पारडी. तिच्या दुधाचा रतीब स्टेशनातल्या दोन बाबूंकडे आणि एका डॉक्टरकडे जाई, आणि त्याचा हिशेब चुलीमागच्या भिंतीवर असे. शेराला गेरूची एक उभी रेघ. तीन वर्षांत एकाही बाबूनं त्या रेघेवर बोट ठेवलं नव्हतं. तिनं आता दाराआडची दुसरी भिंत धरली. चहाच्या कपाला बारीक रेघ, घासलेटच्या बाटलीला गोळा, जेवणाला फुली, पानसुपारीच्या पैशाला टिकली. पंधरा दिवसांत भिंत अशी भरली की शेजारीण म्हणाली, "काय व बाई, देवी आल्या का तुया भिंतीले?"

पाहुण्यांच्या चहाला दूध पुरेना म्हणून एका बाबूचा रतीब बंद करावा लागला, त्या दिवशी तिनं नवऱ्याला मालकाकडे पिटाळलं. नारायणराव गेला आणि आला. येताना चेहऱ्यावर पुन्हा ते तेज.

"काय म्हनाले?"

"म्हनाले, नारायणराव, दिवा तं तुमी घरी तसाही लावतच होते ना? त्या उजेडात दोन ओळी लिहिल्या, तं उजेड कमी होते काय?"

"अन् चहा?"

"म्हनाले, घरी पाव्हना आला तं चहा नाही देत काय कोनी? अन् मंग त्यायनं हिशेबच काढून दाखवला. रोजचं जानं-येनं वाचलं. वहाना वाचल्या, त्या वर्साले दीड रुपयाच्या. छत्री वाचली. दुपारी शिळी शिदोरी खात होतो, आता ताव्यावरची भाकर खाऊन राह्यलो. म्हनाले, मी तं ह्याच्यापायी तुमच्या पगारातून काही कापून नाही राह्यलो." नारायणराव लोडाला टेकला. "खरंच हाये व. उजेड काही सरत नाही."

"उजेड नाही सरत," ती म्हणाली. "घासलेट सरते."

मालकाचं म्हणणं त्याला पटलं होतं, आणि पटलेली गोष्ट बायकोच्या एका वाक्यानं विस्कटू नये म्हणून त्यानं वही उघडली.

त्या हंगामात एक नवल झालं. सत्यभामाबाईचं माहेर सोनाळ्याचं, पार तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी. सोनाळ्याच्या लोकांना शेगावचा बाजार जवळ. पण पेढी आपल्या लेकीच्या घरी गेली हे गावात कळलं आणि शेगाव सोडून, एक मुक्काम जास्त करून, गाड्या मलकापूरला येऊ लागल्या. पहिल्यांदा आला तो पुंजाजी, तिचा चुलत काका. मग त्याच्यामागे अख्खी आळी. किसनराव बाजारात सांगत फिरू लागले, "नाव लागते बाप्पा, नाव! सोनाळ्यापावतर नाव हाये आपलं."

सत्यभामाबाईला माहेरची माणसं आली याचा आनंद होताच. पण त्या आनंदात एक काटाही होता, आणि तो तिनं कोणाला दाखवला नाही. सोनाळ्याची रीत अशी की दिल्या घरच्या लेकीकडे वडीलधारा माणूस फुकट पाणी पीत नाही. दोन घास खाल्ले तर उठताना लेकीच्या हातावर काहीतरी ठेवतो. चवली ठेवील, अधेली ठेवील, नसेल तेव्हा नुसता एक पैसा ठेवील, पण हात रिकामा ठेवत नाही. आणि हा पुंजाजीकाका, ज्यानं तिच्या लग्नात मांडवाची मेढ रोवली, तो तीन खेपा येऊन, पिठलं-भाकर खाऊन, मिशीवरून हात फिरवून, "येतो व माय" म्हणून निघून गेला. हातावर काही नाही. त्याच्या मागचे सगळे तसेच. माहेर आटलं की आपण जुन्या झालो, हे तिला कळेना. तिनं पुंजाजीच्या फुल्या मात्र इतरांच्या फुल्यांत मिसळू दिल्या नाहीत. वेगळ्या, वरच्या कोपऱ्यात काढल्या. माहेरचा हिशेब मांडायचा नसतो, पण विसरायचाही नसतो.

संक्रांतीला आठ दिवस उरले असताना किसनराव स्वतः आले. अंगात काळा कोट, खिशाला घड्याळाची साखळी. ओसरीवर न टेकता सरळ मागच्या अंगणात गेले आणि गोठ्यापुढे उभे राहून त्यांनी चांदरीकडे असं पाहिलं, जणू ती त्यांच्या गादीवर बसली आहे.

"नारायणराव, चार बैलजोड्या सहज बसतीन हो अथी."

"बसतीन जी."

"मंग हे म्हैस काऊन ठेवली? सोनाळ्यावाल्यायचे बैल रस्त्यावर उभे राह्यतात, नाव आपलं खराब होते. काढून टाका. मी हेड्याले सांगून ठेवतो, चांगले पैसे येतीन. आठ दिवसांत गोठा मोकळा झाला पाह्यजे."

"हाव जी," नारायणराव म्हणाला.

दारामागे उभ्या असलेल्या सत्यभामाबाईनं ते 'हाव जी' ऐकलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्या माणसानं तिच्या एकाही गोष्टीला इतक्या लवकर होकार दिला नव्हता.

किसनराव जाताना दाराकडे तोंड करून म्हणाले, "वहिनी, घरचंच काम समजा बरं!"

दोन दिवस ती दाराआडच्या भिंतीवरच्या रेघा मोजत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी नारायणराव जेवायला बसला, तेव्हा तिनं भाकर वाढली, तूप वाढलं, आणि तूप पाहून तो जरा सावध झाला.

"ते पट्टी असते ना तुमची," ती म्हणाली. "शेतकऱ्याले हिशेबाचा कागद देता ते. तिच्यात काय काय लिहिता?"

"तुले काय समजते त्यातलं?"

"नाही समजत. म्हून तं इचारतो."

आपली विद्या दाखवायची संधी नारायणराव सहसा सोडत नसे. तो घास गिळून घडाघडा म्हणू लागला, "कापूस इतका, भाव इतका, रक्कम इतकी. त्यातून वजा, अडत. वजा, तोलाई. वजा, हमाली. वजा, धर्मादाय. वजा, दिवाबत्ती दोन आने. वजा, पानी-गोठा एक आना. बाकी रोख."

"थांबा. दिवाबत्ती म्हंजे?"

"म्हंजे दिवा."

"कोनाचा?"

"पेढीचा. जुना दस्तूर हाये. सारे अडते घेतात."

"दोन आने कोन देते?"

"शेतकरी. त्याच्या रकमेतून कापतो आपन."

"अन् जमा कोनाच्या नावे होतात?"

"मालकाच्या."

"दिवा कोनाचा?"

नारायणरावाचा हात ताटातच राहिला. आठ वर्षं तो हे कलम लिहीत आला होता आणि गेले दोन महिने तेच कलम, त्याच अक्षरात, स्वतःच्याच दिव्याखाली बसून, स्वतःच्याच घासलेटावर, मालकाच्या नावे जमा करीत होता. अक्षर मोत्यासारखं होतं. खाडाखोड एकही नव्हती. घराच्या दिव्याचे पैसे शेतकऱ्याकडून वसूल होत होते, मालकाला पोचत होते, आणि ते सगळं बिनचूक लिहून ठेवण्याबद्दल त्याला अठरा रुपये मिळत होते.

"अन् पानी-गोठा?" तिनं विचारलं. "पानी मी भरतो. गोठा माया बापाच्या म्हशीचा हाये."

"दस्तूर हाये व," तो म्हणाला, पण आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

"किती गाड्या झाल्या आजपावतर?"

"दोनशे बारा."

"करा हिशेब."

त्यानं हात धुतला आणि पाटीवर हिशेब केला. दोनशे बारा गाड्या, दर गाडीला तीन आणे. एकोणचाळीस रुपये बारा आणे. मग ती त्याला दाराआडच्या भिंतीपाशी घेऊन गेली, ती सांगत गेली आणि तो लिहीत गेला. चहा नऊशे साठ कप, कपाला एक पैसा धरून पंधरा रुपये. घासलेट चोवीस बाटल्या, साडेचार रुपये. जेवणं अठ्ठ्याऐंशी, दोन आण्यांप्रमाणे अकरा रुपये. पानसुपारी पावणेचार. एकूण चौतीस रुपये चार आणे.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "आपला सारा खर्च देऊनबी मालकाले साडेपाच रुपये उरत होते."

नारायणरावानं बेरीज पुन्हा करून पाहिली. बरोबर होती. त्याला त्या परिस्थितीतही बरं वाटलं, कारण बेरीज बरोबर येणं त्याला मनापासून आवडायचं.

"उद्या जाऊन सांगा मालकाले."

"मी?" तो म्हणाला. "हंगाम संपू दे. भर हंगामात मालकाले तोंड दाखवून असं बोलनं..."

"हंगाम संपल तवा म्हैस संपली राहील."

त्यानं मान खाली घातली. तिथून काही निघणार नाही हे तिला कळत होतं. "बरं," ती म्हणाली. "सांगू नका. तुमी फकस्त पैसे चुकवायच्या दिवशी पट्टी वाचतान तवा मोठ्यानं वाचा. सारे कलम. गिळू नका."

पट्टी वाचून दाखवायची, हाही दस्तूरच होता. पैसे देण्याआधी मुनिमानं शेतकऱ्यासमोर हिशेब मोठ्यानं वाचायचा. नारायणराव वाचायचा, पण मोठ्या रकमा खणखणीत आणि वजावटी नाकातल्या नाकात. ही कला त्याला कोणी शिकवली नव्हती. पगारासोबत आपोआप येते ती.

आठवा दिवस पैसे चुकते करण्याचा होता. सोनाळ्याच्या सात गाड्या आदल्या दिवशी विकल्या गेल्या होत्या, आणि ते सात जण सकाळच्या उन्हात ओसरीवर बसले होते. पुंजाजी गादीच्या कडेला, जावयाच्या घरची गादी म्हणून जरा आखडून. शेजारी शेषराव, गावातला चौथी शिकलेला, म्हणून सगळ्यांचे कागद वाचून देणारा. किसनराव पैशाची थैली घेऊन लोडाला टेकले होते. त्यांच्या मागोमाग जनावरांचा दलाल, तो हेड्या, खांद्यावर दोर टाकून आला होता आणि अंगणात चांदरीभोवती फेऱ्या मारत होता. त्यानं तिचं तोंड उघडून दात पाहिले, तेव्हा सत्यभामाबाई डोक्यावर पदर घेऊन माजघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"वाचा," किसनराव म्हणाले.

नारायणरावानं पट्टी उचलली. "पुंजाजी, मुक्काम सोनाळा. कापूस..." रक्कम आली, ती खणखणीत आली. मग आवाज खाली गेला. "वजा अडत... तोलाई हमाली धर्मादाय दिवाबत्तीपानीगोठा... बाकी रोख..."

"आयकू नाही आलं," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. किसनरावांनीही पाहिलं. बाईमाणसानं पैसे चुकते होताना बोलणं हे त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

नारायणरावानं एकदा मालकाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. शेवटी कागदात तोंड खुपसून तो म्हणाला, "दिवाबत्ती, दोन आने. पानी-गोठा, एक आना."

पुंजाजी दिलखुलास हसला. "ते कायले वाचून राह्यले जवाईबापू? ते तं आमी लेकीले देतो. मी आमच्या साऱ्यायले पह्यलेच सांगून ठेवलं, का बे, सत्यभामेच्या घरी उतरून राह्यलो आपन. दिवा तिचा, पानी तिचं. पट्टीत आना कापला तं कोनी कुरकुर करू नका, लेकीच्या हातावर पडते तो. दर खेपी हातावर ठेवा, तं हे घेत नाही, लाजते. त्यापरीस हे बरं, कागदात."

दोन महिने ती कोपऱ्यात वेगळ्या फुल्या काढत होती, आणि काका दर खेपेला तिच्या हातावर ठेवून जात होता. फक्त हात दुसऱ्याचा होता.

"काका," ती म्हणाली, "माया हातावर तं एक छदाम नाही आला."

"असं कसं? तीन खेपा झाल्या माया."

"तीन का तीस. इचारा तुमच्या जवायाले."

"जवाईबापू," पुंजाजी वळला, "कोनाच्या नावे जमा हाये हे?"

किसनरावांनी घड्याळ काढून पाहिलं, जणू वेळेचाच काही घोटाळा आहे. नारायणरावानं बोलायचं तर मालक समोर, न बोलायचं तर सासरवाडी समोर. अशा वेळी शूर माणूस बोलला असता आणि हुशार माणूस उठून गेला असता. नारायणराव दोन्ही नव्हता. त्यानं रोजखर्डा उघडला, पान काढलं आणि वही हळूच शेषरावाकडे सरकवून स्वतः छपराकडे बघू लागला.

शेषरावानं बोट ठेवून वाचलं. चौथीची विद्या असल्यामुळे त्यानं एकही अक्षर गिळलं नाही. "दि-वा-बत्ती, पा-नी-गोठा. जमा. किसनरावजी यांचे घर-खर्च खाती."

"घरखर्च!" पुंजाजी म्हणाला. "कोनाच्या घरचा खर्च?"

"दस्तूर हाये पेढीचा," किसनराव ताठ होत म्हणाले. "मी काही नवीन नाही लावलं."

"पेढी कुठी हाये मालक?" पुंजाजीनं चहूकडे पाहिलं. "मले तं हे माया लेकीचं घर दिसते. थे चूल, थे म्हैस, हा माया जवाई. तुमचं काय हाये अथी? हे गादी?" तो गादीवरून उठला आणि खाली जमिनीवर बसला. त्याच्याबरोबर बाकीचे सहाही सरकले. "म्हंजे दोन महिने आमी लेकीच्या घरी फुकट जेवलो. अन् लेकीच्या हातावरचं तुमी खाल्लं."

"हे पाहा, तोंड सांभाळून..."

"मालक," शेषराव मधेच म्हणाला, "तुमचं भाषण आयकलं होतं मी जळगावच्या सभेत. वऱ्हाडचा पैसा नागपूरले कसा जाते, त्याच्यावर. तवा पुरतं समजलं नव्हतं. आज समजलं."

कोणीतरी हसलं. किसनरावांना नक्की कोण हसलं ते दिसलं नाही, आणि त्यामुळे ते सातही जणांवर चिडले.

"किती गाड्या झाल्या आमच्या गावच्या?" पुंजाजीनं विचारलं.

"चौसष्ट," नारायणराव छपराला म्हणाला.

"तीन आन्याप्रमानं किती झाले?"

"बारा रुपये."

"मंग बारा रुपये आता, अथी, माया लेकीच्या हातावर. माया हातावर नाही. तिच्या. नाही तं चाळीस-पन्नास गाड्या अजून निंघायच्या हायेत गावातून, अन् आमाले शेगाव जवळ हाये."

किसनराव हिशेबाचे कच्चे नव्हते. गाडीमागे अडत बारा आणे. चाळीस गाड्या धरल्या तरी तीस रुपये, आणि पुढचा हंगाम वेगळा. समोर बारा. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक आकड्यानं जाताना ओसरीला दिसलं. त्यांनी थैलीत हात घातला. बारा रुपये त्यांनी असे मोजले की प्रत्येक नाणं निघताना त्यांच्या जिवाचा एक तुकडा घेऊन निघत होतं. सत्यभामाबाई पुढे आली, तिनं पदर पसरला नाही, उजवा हात पुढे केला. ते तिच्या तळहातावर पडले.

"घ्या," किसनराव म्हणाले. "झालं समाधान?"

"हे माहेरचे झाले," ती म्हणाली. "आता गोठा. तुमाले चार बैलजोड्या बांधाले पाह्यजे. त्याचं भाडं किती देता, सांगा. मंग म्हशीचं पाहतो मी."

"भाडं?" किसनराव उभेच राहिले. बारा रुपयांनी जे झालं नव्हतं ते या एका शब्दानं झालं. "मुनिमाच्या घरच्या गोठ्याले भाडं? असं असल तं मी पेढीच उचलतो अथून! आज, आत्ता!"

हा त्यांचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा धाक होता. तो टाकून ते थांबले, नारायणराव पाय धरील म्हणून. नारायणराव खरोखर अर्धा उठलाही.

"उचला," सत्यभामाबाई म्हणाली.

मग तिनं अंगणाकडे तोंड केलं. "ओ भाऊ, तिचे दात मोजून झाले असतीन तं सोडा तिचं तोंड. म्हैस इकायची नाही."

हेड्यानं दोर खांद्यावर नीट केला. किसनरावांकडे बघून म्हणाला, "मालक, मले सकाळपासून इनाकारन चालवलं तुमी," आणि गेला. त्याच्या वहाणांचा हिशेब कोणीच मांडला नाही.

दुपारपर्यंत गादी, लोड, उतरती पेटी आणि तीन वह्या गाडीत चढल्या. स्टेशन रोडची जागा कंपनीकडे, दोन वर्षांच्या करारानं. दुसरी जागा घ्यायची तर भाडं. तेव्हा पेढी शेवटी किसनरावांच्या स्वतःच्या घरी गेली, जिथे बायामाणसं होती. आठच दिवसांत त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंनी चहाची साखर कुलपात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली, अशी बातमी नारायणरावानं आणली. सोनाळ्याच्या गाड्या मात्र पैशापुरत्या तिकडे आणि उतरायला इकडेच. उठताना पुंजाजी आता सत्यभामाबाईच्या हातावर स्वतःच्या हातानं ठेवतो, कागदावर विसंबत नाही. ती लाजते आणि घेते. बंद पडलेला रतीब पुन्हा सुरू झाला.

भिंतीवरच्या बाकीचं काय? चौतीस रुपये चार आण्यांतून बारा गेले. बावीस रुपये चार आणे किसनरावांकडे आहेत आणि राहतील. पाडव्याला घर सारवलं, पण दाराआडची ती भिंत तिनं तेवढी सोडली.

नारायणरावाला आता पेढीवर जायला गावाच्या दुसऱ्या टोकाला चालावं लागे, रुळाच्या पलीकडे. चैत्रात त्याच्या वहाणेचा अंगठा तुटला. त्यानं आठवडा सुतळी बांधून काढला. मग एक दिवस घरी आला तो पुन्हा ते तेज घेऊन.

"आज मी लिहिलं," तो म्हणाला.

"काय लिहिलं?"

"खर्ची. नारायणराव यांस वहाना, दीड रुपया. मालकच म्हनाले होते ना, घरी बसलो तं वहाना वाचतात म्हून? मंग आता चालून राह्यलो, तं वहाना झिजतात. पेढीपायी झिजतात. त्यायच्याच हिशेबानं लागू होते." तो मोठ्या ऐटीत टेकला. "वहीत लिहिलं. उलटून सांगाले जागा नाही."

सत्यभामाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत तिला पहिल्यांदा वाटलं की या माणसाला एक कप चहा आपणहून द्यावा, आणि त्याची रेघ ओढू नये. ती आधण ठेवायला वळली. वळता वळता तिची नजर त्याच्या कानावर गेली. वहीत लिहायचं ते शाईनं, हे तिलाही माहीत होतं. कानामागे पेन्सिल होती, नव्यानं टोक काढलेली.

"उद्या शाईनं लिहा," ती म्हणाली, आणि बादली घेऊन गोठ्याकडे गेली.